रंग जुळवायचा हात

माझा डावा हात सव्वा वर्ष टीव्हीच्या नोकरीत होता. चेहरा आणि आवाज पुढे लागले कामाला, आधी लागला तो हात. नागपूरजवळ उमरेड रोडला एका फार्महाऊसवर मालिकेचं शूटिंग चालायचं. तिथल्या पडवीत रोज सकाळी सात वाजता मधुरा आरशासमोर बसायची. मधुरा म्हणजे आमची नायिका. शेजारच्या खुर्चीत मी. बबनदादा, आमचे मेकअपवाले, मला सांगायचे, "सुजाता, हात." की मी बाही वर करून हात टेबलावर ठेवायचा, रक्त तपासायला देतात तसा. मग ते बशीत तपकिरी, पिवळा, थोडा लाल असा लेप कालवायचे, एक बोट माझ्या मनगटावर ओढायचे, एक मधुराच्या गालावर, आणि डोळे बारीक करून दोन्हीकडे बघायचे. जुळलं की म्हणायचे, "झालं, उचल." आणि माझ्या हाताचा रंग तोंडाला, मानेला, कानामागे फासून ती पुण्याची गोरीपान मुलगी महाराष्ट्राची लाडकी काळी मुलगी व्हायची. बबनदादा भला माणूस होता. तो रोज माझं मनगट स्वतः तेल लावून पुसून द्यायचा. बाकीच्यांना तेवढंही कधी सुचलं नाही.

मालिका होतीच मुळी काळ्या मुलीवर. आमच्या भागातल्या खेड्यातली काळी, गुणी, सोसणारी मुलगी, तिला बघायला येणारे पाहुणे, त्यांचे नकार आणि तिचं ते देवासमोर रडणं. चॅनेलची माणसं मुंबईहून आली, कॉलेजांतले नाटकवाले पोट्टे-पोट्ट्या गोळा केले, त्यात मीही गेले. नायिकेचाच प्रवेश वाचला. वाचून संपवला आणि वर बघितलं. डायरेक्टर म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस, पण त्याचेही डोळे ओले झाले होते, हे मी शपथेवर सांगते. मग रुमालाने नाक पुसून म्हणाला, "सुंदर. फारच सुंदर. पण तू ना, जरा जास्तच खरी वाटतेस." शेजारी बसलेल्या चॅनेलवाल्याने खुलासा केला, "लोक जेवताना बघतात ना हे." आणि मग मला आडनाव विचारलं. रंग विचारायची गरज नव्हती, तो दिसत होता. आडनाव ऐकल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघून जी मान हलवली, ती मी अजून हुबेहूब करून दाखवते. माझ्या नाटकाच्या वर्गातल्या मुलांना पहिल्याच दिवशी तीच शिकवते.

तर काळ्या मुलीच्या कामासाठी त्यांनी गोरी आणली आणि तिला रोज काळी करायचं ठरवलं. अंगणात विहीर असताना यांनी टँकर मागवला. मला दिली दुर्पी, नायिकेची मैत्रीण. डोक्यावर घमेलं, तोंडात चार वाक्यं. आणि वरकाम म्हणून नायिकेला आमची बोली शिकवायची. मधुरा वाईट मुलगी नव्हती, उगीच कशाला म्हणू. पण तिला वाटायचं की प्रत्येक शब्दाला 'वं' लावलं की झाली वऱ्हाडी. मी शिकवून शिकवून थकले. शेवटी डायरेक्टर म्हणाला, "असू दे, गोड वाटतं." गोड! आमची भाषा ह्या लोकांना श्रीखंडासारखी चाटायला हवी होती.

प्रताप नगरच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा हिंगण्याच्या कारखान्यात मशीनवर. सकाळी कंपनीची बस चौकात यायची आणि तिचा ड्रायव्हर भोंग्यावर हात ठेवून जो बसायचा तो बाबा चढेपर्यंत उठायचा नाही. त्या भोंग्याने आमची आळी जागी व्हायची. आईचा तवा त्याच्याही आधी तापलेला असायचा. ज्वारीच्या भाकरीचा थप-थप आवाज, स्टोव्हची फरफर, रविवारी मागच्या विहारातली वंदना, आणि ह्या सगळ्यावर आईचं बोलणं. आई अंगणवाडीत होती. दिवसभर लेकरांशी बोलून तिचा आवाज असा तयार झाला होता की तिने घरात मीठ मागितलं तरी चार घरं पलीकडची बाई मीठ घेऊन यायची. चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, आणि कच्चा कांदा हे आमचं रोजचं जेवण. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, हिवाळ्यात. आणि पाहुणे आले की पोहे, वर लालभडक तर्री ओतलेले. आईच्या तर्रीला मोहल्ल्यात तोड नव्हती. ते पोहे पुढे सगळ्या महाराष्ट्रात गाजले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मला बघायला एक पार्टी आली होती. आपल्यातलेच, म्हणजे तिथे तरी रंगाचा प्रश्न यायला नको होता. मुलगा बँकेत, त्याची आई, मामा, आणि एक नुसता खायला आलेला इसम. मामांनी पोहे खाल्ले, परत मागितले, पुन्हा तर्री ओतून घेतली, मिशीला लागलेली पुसली आणि म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय, सगळं बरोबर हाय, पन रंगानं जरा…" मी आत उंबऱ्याशी उभी होते. बाबा मान खाली घालून बसले. आई मात्र मामांच्या हातातली ताटली काढून घेत म्हणाली, "पोरगी काळी हाय थे घरात शिरल्याबरोबर दिसलं असन तुमाले. मंग पोहे दोनदा काहून मागतले?"

मामांनी मिशी पुन्हा पुसली. दुसरं काय करणार, कप्पाळ! पार्टी उठली, चपला घालताना तो खायला आलेला इसम आमच्या ताटलीकडे बघत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कुणी तोंडावर नकार दिला तर त्याची कीव करता येते. हल्ली माझ्या वर्गातल्या मुली आत्मविश्वास वगैरे म्हणतात आणि त्याची शिबिरं भरतात. आमच्या घरी ते तर्रीसोबत मिळायचं.

पुढे मालिकेतही तसाच प्रसंग आला. नायिकेला नकार मिळतो, ती आत जाऊन रडते, आणि दुर्पीने पाहुण्यांसमोर नुसतं उभं राहायचं, असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, सर, दुर्पी गप्प कशी राहील? माझ्याकडे एक वाक्य आहे. त्यांना उशीर होत होता, म्हणाले, "म्हण, बघू." मी आईचं वाक्य म्हटलं. ताटली काढून घेत, आईच्याच आवाजात. कॅमेरामन हसायचं विसरला. आणि ज्या आठवड्यात ते टीव्हीवर लागलं, त्या आठवड्यात नागपुरात बसमध्ये, भाजीबाजारात, कॉलेजच्या गेटवर, जिकडेतिकडे एकच. पोहे दोनदा काहून मागतले! पोट्टे उधार मागणाऱ्या मित्राला म्हणायचे, बायका नवऱ्याला म्हणायच्या. माझी चार वाक्यांची चाळीस झाली. चॅनेलला पत्रं जायला लागली, दुर्पीला भेटायचंय म्हणून. आई अंगणवाडीतून येताना लोक तिला थांबवायचे, "तुमच्या पोरीचं थे वाक्य लय भारी." आई म्हणायची, "माहं हाय थे." कुणाला खरं वाटायचं नाही.

बाबांना मात्र हे काम आवडत नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, डी.एड. कर, शिक्षिका हो, पेन्शन लागेल. मला मुंबईला जायचं होतं. एवढं जायचं होतं की मी ट्रंकेत कपडे घालून ठेवले होते आणि रोज काढून रोज नेसत होते. तेवढ्यात चॅनेलच्या वार्षिक बक्षिसांच्या नामांकनांची यादी आली आणि तिच्यात माझं नाव होतं, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री. सोहळा त्या वर्षी नागपुरातच होणार होता, आमची मालिका पहिल्या नंबरावर होती म्हणून. बाबांनी यादी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बक्षीस भेटलं तं जाय मुंबईले. नाई भेटलं तं सोमवारी डी.एड.चा फॉर्म भर. मंग रडाचं नाई." मी म्हटलं, शब्द? ते म्हणाले, "शब्द."

सोहळा दुपारी चित्रित होणार होता, म्हणजे मुंबईकरांना संध्याकाळचं विमान मिळेल. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा घेतली. आईने फिकी निळी साडी नेसली, नवी, घडी मोडायची होती. त्यांना तिसऱ्या रांगेतले पास मिळाले. मला सकाळीच मेकअपला बोलावलं होतं. तिथे बबनदादा नव्हते, मुंबईची टोळी होती, सात-आठ पोरी आणि कंबरेला ब्रशचे पट्टे. एकीने माझ्याकडे बघून दुसरीला विचारलं, "हिला काय करायचं?" दुसरी म्हणाली, "स्टेजचे लाइट्स आहेत, सगळ्यांना एकच बेस." आणि त्यांनी मला रंगवलं. थरावर थर. पोळीला साजूक तूप लावतात तशा दोघी दोन्ही गालांवरून हात फिरवत होत्या. मी आरशात बघितलं तर समोर कुणीतरी शहाणी, आजारी, पिठासारखी गोरी बाई बसली होती. केस फुगवलेले, ओठ गुलाबी. हातांना लावायचं राहिलं, तर एकीने पूर्ण बाह्यांचं जाकीट आणून घातलं. सव्वा वर्ष गोऱ्या मुलीला माझ्यासारखी करत होते आणि बक्षिसाच्या दिवशी मला तिच्यासारखी केली. मला तेव्हाच उठून तोंड धुवायला हवं होतं. मी नाही उठले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, बरी दिसतेय.

माझी पाळी आली. पडद्यावर पोह्यांचा प्रसंग दाखवला, सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. लिफाफा फुटला आणि निवेदक ओरडला, "दुर्पी!" जाकीट सारखं करत उठले. मी पायऱ्यांपाशी गेले. तिथे कानात वायर घातलेला एक पोरगा उभा होता. त्याने हात आडवा केला, "मॅडम, तुम्ही खाली थांबा, विनर वर येतेय." मी म्हटलं, मीच ती. तो माझ्याकडे बघून हसला, माझ्या डोक्यावरून मागे बघायला लागला. वर प्रमुख पाहुणे बक्षीस हातात धरून उभे होते, सोनेरी मुलामा दिलेला दिवा होता तो, सातआठ किलोचा तरी. पाहुणे मोठे गृहस्थ, नाव सांगून त्यांना मोठं करत नाही. त्यांची नजर माझ्यावरून दोनदा गेली. आणि मग ते माइकमध्ये म्हणाले, "अहो, ती काळी पोरगी कुठंय? आम्ही घरी रोज बघतो तिला!"

सभागृह खदाखदा हसलं. मी चार पायऱ्या खाली उभी. नाटकाच्या स्पर्धेत भोंग्याशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना. आणि हे सगळं त्यांचंच करणं! ज्यांनी सकाळी मला फासलं, तेच दुपारी मला शोधत होते. निवेदकाने दोन वेळा नाव पुकारलं, मग वेळ चाललाय म्हणून मधुराला वर बोलावलं, मैत्रिणीच्या वतीने घ्या म्हणून. मधुरा गेली. स्वच्छ तोंडाने, स्वतःच्या गोऱ्या रंगात. दिवा घेतला आणि माइकसमोर लाडात येऊन म्हणाली, "मंग वं, पोहे दोनदा काहून मागतले वं?" टाळ्यांचा नुसता कडकडाट. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्या दिवशी नागोबा डोळ्यांनी पाहिला.

तेव्हा तिसऱ्या रांगेत आई उठली. तिला कुणी अडवलं नाही, अडवायची कुणाची हिंमत झाली नसावी. सरळ माझ्यापाशी आली, पिशवीतली पाण्याची बाटली काढली, पदर भिजवला आणि माझी हनुवटी धरून, शेंबड्या लेकराचं पुसतात तसं, माझं तोंड खसाखसा पुसलं. कपाळ, गाल, नाक. निळ्या पदरावर ते पीठ उतरत गेलं. मी रडत होते, त्याने तिचं काम सोपं झालं. मग मला खांद्याला धरून स्टेजकडे वळवलं आणि अंगणवाडीच्या आवाजात, माइकशिवाय, म्हणाली, "हे पाहा. हे हाय तुमची दुर्पी. आता तरी ओयखता का नाई?"

पाहुण्यांनी घसा साफ केला. कुठूनतरी "कट, कट" ऐकू आलं आणि हातात वॉकीटॉकी घेतलेली एक मुलगी धावत आली. मला वाटलं, माफी मागेल. ती म्हणाली, "काही हरकत नाही, आपण परत घेऊ. ताई, तुम्ही फक्त पटकन टचअप करून या. असं डागाडागांचं नाही चालणार."

आणि मी गेले.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. चॅनेलवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे, जन्मभर देते आहे, त्यात माझी जीभ तरबेज आहे. पण त्या दिवशी माझ्या आईने माझं तोंड पुसलं आणि मी तिच्याकडे न बघता परत त्या खुर्चीत जाऊन बसले, कारण बाबांचा शब्द होता, बक्षीस भेटलं तर मुंबई. मला तो दिवा हातात हवा होता. त्या पोरींनी पुन्हा थर चढवले, मी वर गेले, पाहुणे म्हणाले, "अरे वा, ही होय!" आणि मी हसले. थू माझ्या त्या हसण्यावर. आई तिसऱ्या रांगेत ओला पदर मांडीवर घेऊन बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

रविवारी दुपारी कार्यक्रम टीव्हीवर लागला. अर्धी आळी आमच्या खोलीत. आईने सगळ्यांना पोहे केले, पण तर्री केली नाही, कुणी विचारलं तर म्हणाली, मिरच्या संपल्या. पडद्यावर आईचं येणं कापून टाकलं होतं, पाहुण्यांचं वाक्य कापलं होतं. नाव पुकारलं की लगेच ती पिठाची बाई दिवा घेऊन हसताना दिसत होती. शेजारच्या काकू ओरडल्या, "अरे बाप्पा! कवढी गोरी दिसून राहिली वं सुजाता!" सगळे माझी पाठ थोपटायला लागले. बाबा टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. कार्यक्रम संपला, लोक पांगले, तेव्हा ते उठले, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "जाय मुंबईले. म्या शब्द देला होता, मी फिरत नाई." मग दाराशी जाऊन चपला घालता घालता, माझ्याकडे पाठ करून, "पन थे बक्षीस कोनाले भेटलं, थे मले समजलं नाई."

मुंबईला गेले. सात वर्षांत मी चौदा मोलकरणी केल्या, दोन वेड्या आणि एक चेटकीण. प्रत्येक ठिकाणी चहाचा ट्रे आणि "आले बाईसाहेब". बक्षीस परत कधी मिळालं नाही. सातव्या वर्षी ट्रंक उचलून परत आले, इथेच नाटकाचा वर्ग काढला, तो अजून चालू आहे. बाबा गेले, आई गेली. ती निळी साडी माझ्याकडे आहे. पदरावरचा डाग आईने धुतला नाही, आणि मला धुऊ दिला नाही.

गेल्या महिन्यात त्याच चॅनेलमधून एका मुलीचा फोन आला. आवाज कोवळा, बोलणं भारी अदबीचं. म्हणाली, ह्या वर्षीच्या सोहळ्यात आम्ही सावळ्या कलाकारांचा खास सन्मान करतोय, टेलिव्हिजनने त्यांना आजवर न्याय दिला नाही ना, म्हणून. म्हटलं, अस्सं? म्हणाली, तुम्हाला तेव्हा बक्षीस मिळालं होतं असं रेकॉर्डवर आहे, पण मॅडम, आम्ही जुनी टेप पाहिली, त्यात तुम्ही कुठेच नाही. कुणीतरी गोरी मुलगी तुमचं बक्षीस घेतेय.

मी म्हटलं, बेटा, ती मीच.

तिने फोनवर हात ठेवला असावा. कुणाशी तरी कुजबुज. मग ती एकदम उत्साहाने म्हणाली, "काही प्रॉब्लेम नाही मॅडम! एडिटिंगमध्ये आम्ही तुम्हाला थोडं डार्क करून घेतो. हल्ली एका मिनिटात होतं. फक्त नक्की किती डार्क, ते कळायला हवं."

टेबलावर माझा डावा हात होता. आता सुरकुतलाय, शिरा वर आल्यात, रंग तोच.

मी विचारलं, "हात पाठवू?"